ह्यांच्या चांद्रगाड्या

२ जानेवारी
ह्यांचा व्यायाम घ्यायला येणारा सोमेश आज कपाटासमोर थबकला. "काकू, ही खेळणी कुणाची?" कुणाची म्हणून काय विचारतो! ह्यांचीच. पत्र्याच्या चांद्रगाड्या, चावीचे अग्निबाण, अकरा नग. म्हणाला, "मग काकांना चावी फिरवायला द्या की! बोटांना लई चांगलं." बापरे! पस्तीस वर्षांत मला त्यांवरची धूळसुद्धा पुसू दिली नाही.

३ जानेवारी
कपाट उघडलं. चोरी केल्यासारखं वाटलं.

६ जानेवारी
जूनमध्ये झटका आला तेव्हापासून ह्यांचा उजवा हात आणि वाचा, दोन्ही गेली. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस — एक शब्द नाही. कळतं मात्र सगळं. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

निळी चांद्रगाडी हातात दिली. ही सगळ्यांत जुनी, हे लहान असताना सासऱ्यांनी गड्ड्याच्या यात्रेत घेतलेली. बाकीच्या मोठेपणी शोधून शोधून आणल्या. एक तर वेळापूरच्या दुकानदाराच्या माळ्यावरून! मी किती हसायची. "पोरं मोठी झाली, तुम्ही कधी होणार?"

चावी फिरली नाही. पण अंगठा हलला! मग मीच चावी दिली. गाडी पलंगावरून घरघरत गेली आणि चादरीत अडकली. हे हसले, अर्ध्या तोंडानं. मला रडूच आलं.

९ जानेवारी
पाव चावी फिरली!! रंभाबाई भांडी टाकून बघायला आली. "व्हय की! सर आता मंगळावर जात्यात बगा!"

११ जानेवारी
काय करून बसले मी! संक्रांतीसाठी देवाची पितळी भांडी घासायला काढली होती. चिंच, मीठ, काथ्या, सगळं पुढ्यात. वाटलं, निळी गाडी किती मळलीय, चाकांचा गंज ह्यांच्या हाताला लागतोय. घासली. निळा रंग गेला, चांदण्या गेल्या, खिडकीतून बघणारा अंतराळवीरसुद्धा गेला. नुसता लखलखीत पत्रा! हे नेहमी सांगायचे, "अगं, जुन्या खेळण्याचा रंग म्हणजे त्याचा जीव. डाग असू दे, पण घासायचं नाही." मी ऐकायची कुठे?

तांदळाच्या डब्यात लपवली.

१२ जानेवारी
ह्यांची नजर कपाटाकडे. मग माझ्याकडे. परत कपाटाकडे. लाल अग्निबाण पुढे केला, घेतला नाही. सोमेश म्हणाला, "आज काका हातच उचलंनात की." माझ्यामुळे. सात महिन्यांत जेमतेम एक अंगठा हलला होता, तोही मी घालवला.

१४ जानेवारी
तिळगूळ भरवला. ह्यांना कुठल्या तोंडानं म्हणू, गोड बोला? उद्या सांगून टाकायचं. ठरलं.

१५ जानेवारी
सांगितलं. गाडी मांडीवर ठेवली आणि मान खाली घालून उभी राहिले. त्यांनी डाव्या हातानं ती उलटसुलट करून पाहिली. बराच वेळ. मग ओठ वाकडेतिकडे झाले, घसा खरखरला, आणि —

"पि… तळ?"

सात महिन्यांनी पहिला शब्द, आणि तोही टोमणा! मी तिथेच फरशीवर बसले. म्हटलं, अजून बोला हो. हवं तर शिव्या घाला!