चोवीस तारखेचं जेवण

कानाझावा
५ डिसेंबर १९८७

चि. रित्सुको हिला ताईचे पुष्कळ आशीर्वाद.

वि. वि. बर्फाच्या भारानं फांद्या मोडू नयेत म्हणून बागेतल्या झाडांना दोऱ्या बांधून झाल्या. बाजारात खेकडे आलेत, पण तुझे भावजी म्हणतात, रित्सुको आल्याशिवाय आणायचे नाहीत.

आता मुद्द्याचं. हिरामात्सूबाई आल्या होत्या. त्यांचा मुलगा तिकडे टोकियोतच बँकेत आहे. छत्तीस वर्षांचा, निर्व्यसनी. चोवीस तारखेला, ख्रिसमसच्या संध्याकाळी, त्यानं तिथल्या गिन्झा भागात दोघांचं जेवण ठरवलंय. मी तुला न विचारताच हो सांगून टाकलं. एकतिशी झाली तुझी. विचारत बसले तर चाळिशी येईल. नीट वाग. हॉटेलात गिऱ्हाइकांशी बोलतेस तसं बोल, आमच्याशी बोलतेस तसं नको.

माया आहेच, रागावलीस तरी राहील.

तुझी,
हात्सुएताई

टोकियो
९ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

चोवीस तारीख म्हटल्यावर तू हुरळलीस, कारण इथला ख्रिसमस तू पाहिलेला नाहीस. आमच्या हॉटेलातल्या त्या रात्रीच्या खोल्या उन्हाळ्यातच संपल्या. प्रेयसीला घेऊन येणाऱ्या सगळ्या पोरांचा एकच सूट, एकच गुच्छ, खिशात एकाच दुकानाची दागिन्याची डबी. परवा एकाला मी गमतीनं विचारलं, वाढदिवस कुणाचा असतो हो त्या दिवशी? तो गोंधळून म्हणाला, तिचा तर मार्चमध्ये असतो!

बाकीचे तळलेल्या कोंबडीसाठी रांगेत. घरी जाताना हातात स्ट्रॉबेरीचा पांढरा केक. सव्वीसला सकाळी ख्रिसमसची सगळी झाडं गोदामात आणि त्याच दारात नव्या वर्षाच्या स्वागताचे बांबू. एवढी भक्ती मी कुठे पाहिली नाही.

तू शब्द दिलास म्हणून जाते. भावजींना नमस्कार. ओरडायचं असेल तर ओरड, पण पत्र पाठव.

तुझीच,
रित्सुको

टोकियो
२५ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

हिरामात्सूबाई तुझ्याकडे येतील, त्याआधी माझ्याकडून ऐक.

ते रेस्टॉरंट म्हणजे दोन-दोन खुर्च्यांची टेबलं, मेणबत्त्या, आणि प्रत्येक टेबलावर तीच कोंबडी. हिरामात्सू स्वतःच्या बढतीबद्दल बोलत होता. मी हॉटेलातल्यासारखी हसत होते, तुझी शपथ. तेवढ्यात दाराशी एक म्हाताऱ्या परदेशी बाई आल्या. एकट्याच. वेटरनं कमरेत वाकून सांगितलं की आज फक्त जोडप्यांसाठीच आहे. बाईंना त्याचं जपानी काही कळेना. बाहेर गारठा, आणि त्या तशाच उभ्या. हिरामात्सू हसला. म्हणाला, आजच्या दिवशी एकटं बाहेर पडायला लाज कशी वाटत नाही!

मी उठले आणि बाईंना आमच्या टेबलावर घेऊन आले. वेटरकडून तिसरी खुर्ची मागितली.

हिरामात्सूचा चेहरा आंबला. मग खालच्या आवाजात म्हणाला की पंचविशीनंतरची मुलगी म्हणजे सव्वीस तारखेचा केक, अर्ध्या किमतीतही कुणी नेत नाही. मी तर एकतीस तारखेला दुकानात आलोय, जरा जाण ठेवा.

मी म्हटलं, उपकार राहू देत, तिसरी खुर्ची अजून आलेली नाही, तुमची तेवढी रिकामी करा.

गेला. जाताना मला दिलेला गुच्छही उचलून नेला, ताई!

बाईंचं नाव आस्त्रिद, नॉर्वेच्या. नवरा गेल्यापासून एकट्याच देश बघत हिंडतात. हिरामात्सूच्या वाटणीची कोंबडी त्यांनी आवडीनं खाल्ली. तुमच्याकडे ख्रिसमस असाच का, म्हणून इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, असाच, प्रियकर, कोंबडी, केक, संपलं. त्या म्हणाल्या की आमच्याकडे या रात्री सगळे नातेवाईक जमतात आणि जेवताना भांडतात. मी म्हटलं, ते आम्ही नव्या वर्षाला करतो. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मग हसणं थांबलं तरी पाणी थांबेना, तेव्हा मी त्यांचा हात धरून बसले.

आता बोल काय बोलायचं ते. सगळं ऐकून घेईन.

रित्सुको

कानाझावा
२९ डिसेंबर

चि. रित्सुकोस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी कपाळाला हात लावला. खोटं कशाला सांगू, चार ओळींचं खरमरीत उत्तर लिहायलाही घेतलं होतं.

तेवढ्यात हिरामात्सूबाई आल्या. पोरगी उर्मट आहे, कुठल्या तरी अनोळखी बाईसाठी माझ्या लेकाचा अपमान केला, म्हणाल्या. मी मान खाली घालून ऐकत होते. मग चहाचा घोट घेत, जशी काही हवापाण्याची गोष्ट, त्याही म्हणाल्या की शिळा केक तो शिळाच, आम्हीच डोळेझाक केली होती.

मी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला. चहा निम्माच झाला होता. त्यांच्या चपला दाराशी नीट लावून ठेवल्या आणि दार उघडून उभी राहिले. तुझे भावजी आतून म्हणाले, बाईंना छत्री दे, बर्फ पडतंय. मी म्हटलं, पडू दे.

नव्या वर्षाला ये. खेकडे आणलेत. लग्नाचा विषय काढणार नाही, निदान तीन दिवस.

आणि एक सांगायचं होतं, समोर बसून जमणार नाही. मी बाविसाव्या वर्षी या घरात आले. वेळेवर गेली म्हणून सगळे खूश होते. तुझे भावजी भले आहेत, तक्रार नाही. पण तुझं पत्र मी रात्री पुन्हा वाचलं, आणि मनात आलं, कुठे जायचंय म्हणून तेव्हा मला कुणी विचारलंच नव्हतं.

लवकर ये.

तुझी,
ताई