काळी एकमधलं समूहगान

३ जानेवारी २००४, शनिवार
सव्वीस जानेवारीच्या समूहगानाची तालीम सुरू. हर्षा मॅडमच्या शाळेतली साधी आणि विशेष मुलं एकत्र गाणार. पेटी मी. हिंगणघाटात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. मी पेटी कुणाकडे शिकलो नाही, त्यामुळे चुकीच्या सवयी लागल्या नाहीत. पट्टी काळी एक. बदल नाही.

६ जानेवारी
दीपमाला. नऊ वर्षांची. डॉक्टर स्वमग्न म्हणतात. शब्द म्हणत नाही, एकच सूर धरते. तोही माझ्या पट्टीच्या किंचित वर! पेटी वाजली की कानांवर हात. मी आणखी जोरात वाजवली. ती बाकाखाली. सवय नाही. होईल.

१० जानेवारी
झाली नाही. तिच्या आईला, अन्नपूर्णाबाईंना, सुचवलं की स्टेजवर मागे उभी करू, पण तोंड मिटून. त्या म्हणाल्या, गुरुजी, काऊन चूप बसवता तिले? लग्नातबी घरीच ठेवतो आमी. एकडाव गावाले दिसू द्या. मी म्हटलं, सूर म्हणजे सूर. रात्री जेवलो नाही. दमलो होतो, दुसरं कारण नाही.

१५ जानेवारी, सकाळ
आजपासून चिडायचं नाही.
संध्याकाळ: चिडलो. दीपमालाला बाहेर बसवलं. तिच्यामागे पहिल्या रांगेतला रुपेश गेला, मग अख्खी लाइन. व्हरांड्यात सगळी गायली, दीपमालाच्या पट्टीत. आत मी आणि पेटी. डिसिप्लिन नाही.

२१ जानेवारी
मॅडम म्हणतात, पेटीशिवाय करू. ठाम नकार दिला. सौ. म्हणाली, कायले जीव आटवून राह्यले? लेकरं गाऊन राह्यली ना? तिला संगीतातलं कळत नाही. पाठ दुखते.

२६ जानेवारी
कार्यक्रम झाला. पेटी उघडताच दीपमालाचे हात कानांकडे, एक पाय मागे. विंगेत अन्नपूर्णाबाई, तोंडाला पदर. आता ती पळणार. मी पट्ट्यांवर बोट ठेवलंच नाही. नुसता भाता हलवत राहिलो. तिचे हात खाली आले. तिनं सूर धरला आणि मुलांनी गाणं. शेवटपर्यंत मी एकही पट्टी न दाबता साथ केली. ठेका कुठेही सुटला नाही, याची नोंद असावी.
नंतर अन्नपूर्णाबाई डोळे पुसत आल्या. म्हणाल्या, गुरुजी, आज तुमची पेटी भलती गोड वाजली.
म्हटलं, रियाज आहे.