मागची रेघ लाल

बाबा, काम टेम्पोत चढलं रे चढलं की बादलीभर पाणी टाकून खराट्यानं फरशी धुवून काढायची तुमची सवय मला तेव्हाही पटली नव्हती, आणि आज तर तिच्या नावानं बोटं मोडून राहिले आहे. जन्मभर लोखंडी फाटकं, जिने, कूलरचे सांगाडे शेडच्या फरशीवर खडूनं पुऱ्या मापात काढले, आणि मागं एक रेघ ठेवली नाही. कागद तुम्हाला चालायचा नाही. "कागदावर फाटक बोटभर दिसते, त्यातून माणूस कसा जाईन?" म्हणायचे. ठीक आहे, नसेल जात. पण आता सून म्हणते, "आई, बाबा कसं काढायचे ते एकदा दाखवा ना," तर तिला काय दाखवू? ओली फरशी?

सून उमरेडची आहे. आयटीआयमध्ये ड्रॉइंग शिकून आली. केबिनमध्ये तुमची बाज जिथं असायची त्या कोपऱ्यात तिनं कॉम्प्युटर मांडला, तेव्हा मी तोंड सोडलंच. "काहून वं, फरशीले आग लागली का?" ती म्हणाली, "बसा आणि फक्त पाहा." खाप्याकडच्या एका शाळेचं फाटक होतं, समोरून पुरा पत्रा, मागून आधाराला अँगलच्या पट्ट्या. तिनं ते पडद्यावर उभं केलं. पत्रा दिसला, बिजागरी दिसली, तुम्ही काढायचे तसंच. मग तिनं कुठंतरी बोट दाबलं आणि बाबा, पत्र्याची काच झाली. मागच्या पट्ट्या आरपार दिसायला लागल्या. पुन्हा दाबलं, काच गेली, नुसत्या रेघा राहिल्या. पुन्हा दाबलं, मागचं सगळं गायब, समोरचं तेवढं स्वच्छ. "याला व्ह्यू स्टाईल म्हणतात आई. फाटक तेच राहते, पाहायची रीत बदलते." मी केबिनमध्ये कशासाठी गेले होते तेच विसरले. मी विसरणारी बाई नाही, तुम्हाला माहीत आहे. बाहेर वेल्डिंगवाला हाका मारून राहिला होता आणि मी तिला म्हणते, "पुन्हा कर. तो पत्रा पुन्हा काचेचा कर." शेजारणीनं पहिल्यांदा टीव्ही लावला तेव्हाही मी अशी बसले नव्हते.

आणि तिथं बसल्याबसल्या मला तो उन्हाळ्याचा दिवस आठवला. शाळा सुटली ती कायमचीच, पाचवीनंतर माझं काम म्हणजे जरीपटक्याच्या घरून तुमचा डबा शेडमध्ये आणायचा. फरशी तव्यासारखी तापलेली, मी चप्पल विसरलेली, म्हणून टणाटण उड्या मारत येते. तुम्ही गुडघ्यावर बसून दोरी धरलेली. वर न बघताच ओरडता, "मांगं हट! फाटकात उभी हायेस तू!" मी खाली पाहते तर खरंच, पांढऱ्या रेघांच्या मधोमध माझे पाय. त्यात काही रेघा लाल, गेरूच्या. मी विचारते, "हे लाल काहून?" तुम्ही म्हणता, "ते पत्र्याच्या मांगं हाय. दिसत नाही." "दिसत नाही तं काढता काहून?" "दिसत नाही म्हणूनच काढा लागते, येडे." मग डबा उघडून म्हणता, भाजीत मीठ नाही. मी तेवढं मिठाचंच लक्षात ठेवलं, कारण आईचा मार मला बसणार होता. गेरूचं त्या पडद्यासमोर आठवलं.

आता जे झालं ते सांगते. ते फाटक आम्ही बिनपट्ट्यांचं बनवलं. हो, तुमच्या शेडमध्ये. शाळेला पसंतीसाठी दाखवायची म्हणून सुनेनं साफसुथरी शीट काढली होती, मागच्या रेघा लपवून. घाईघाईत तीच शीट कामावर गेली. तुमच्या हाताखाली तयार झालेल्या मिस्त्रीनं पाहिली. पट्ट्या नाहीत. तुमचा कायदा त्याच्या हाडात मुरलेला, फरशीवर नाही ते करायचं नाही आणि फरशीवर आहे ते विचारायचं नाही. त्यानं विचारलं नाही. फाटक बसलं, पहिल्याच वावधानाच्या वाऱ्यात पत्रा थडथड वाजायला लागला आणि मधून पोट आल्यासारखा फुगला. शाळेच्या शिपायानं फोन केला, "बाई, तुमचं फाटक श्वास घेऊन राहिलं." नवं बनवून देतो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

मिस्त्री दोन्ही हात मागं बांधून उभा राहिला. "ताई, मले आता हे वाचता येत नाही. बाबांचं वाचता येत होतं. माह्या हातून दुसरं फाटक असं गेलं तं मी घरी बसतो." सून रडवेली. "मामा, तुमचं नाही, माझं चुकलं. शीट माझी होती." मी म्हटलं, "दोघंही आपापली चूक नंतर वाटून घ्या, आधी सांगा आता काय करायचं." तेव्हा मिस्त्री पडद्यासमोर वाकला, नाक लागेल इतका, आणि म्हणाला, "सूनबाई, मांगचं लाल करता येते का वं?"

तिनं एका ठिकाणी रंग बदलला. एकाच ठिकाणी, बाबा. आणि त्या स्टाईलला बांधलेल्या जेवढ्या शीटा होत्या, फाटकं, जिने, टाकीचे स्टँड, सगळ्यांच्या मागच्या रेघा एकदम लाल झाल्या. तुम्ही गुडघे घासून घासून जी लाल रेघ ओढली ती साऱ्या शेडभर एका दमात. मिस्त्री तर हसलाच. फाटक गेल्यापासून पहिल्यांदा.

पण भांडण इथंच उभं राहिलं. सून म्हणते, एक रीत पक्की करून ठेवू, म्हणजे नवी शीट उघडली की तीच येईल. कोणती? मिस्त्री म्हणतो, सगळं दाखव, लपवलं की फसलं. सून जिन्याची शीट सगळं दाखवून काढते आणि समोर धरते. काड्यांचा ढीग नुसता. "वाचा मामा, काय सुधरते?" त्यालाही काही उमगत नाही, पण तो हटत नाही. तीही हटत नाही. काही तरी लपवावंच लागेल, ते कोणतं, हे बाईनं ठरवावं म्हणून दोघं माझ्याकडे पाहतात. आणि मी डोळे मिटून फरशी आठवते तर तुमच्या रेघा थोड्याच होत्या. थोड्याच, आणि फाटकं अजून उभी आहेत. म्हणजे तुम्हीही सोडत होते. पत्रा तुम्हाला काचेचाच दिसत होता का हो? बोट न दाबता? आणि मग त्या सगळ्यातून एवढंच काढा, तेवढं सोडा, हे कशावरून ठरवायचे?

मी दोघांना म्हटलं, "बाबांना विचारून सांगते." हे मी नेहमीच म्हणते, कोणी अडवून धरलं की. आणि मग माझ्याच मनाचं करते, तुमच्या नावावर. आज मात्र माझ्या मनात काहीच नाही, म्हणून खरोखर विचारून राहिले आहे. गेलेल्या माणसाला लिहिलेलं पोस्टात टाकायचं नसतं एवढं पाचवीपर्यंत शिकलेल्या बाईलाही कळते, तेव्हा हसू नका. एकाचं ऐकलं तर दुसऱ्याचं मन मोडते, आणि मला दोघंही शेडमध्ये पाहिजेत. मंगळवारी सकाळी शाळेच्या फाटकाचा पत्रा कापायला घ्यायचा आहे. सोमवारी शेड बंद व्हायच्या आत सांगा, तुम्ही काय सोडायचे ते.