दचक-अंतर

सोमवार, ३
पोचले एकदाची. फाटकाला कुलूप नाही, नुसती सुतळी. आतल्या मंडळींपैकी कुणी पळून जाणार नाही, अशी उद्यानखात्याला खात्री असावी. दफनभूमी जुनी, चाळीस वर्षांत नवीन भरती नाही. ती राखायची की सपाट करून तिथं गाड्या उभ्या करायच्या, हे उद्यानखातं ठरवणार. त्याआधी इथं काय उगवतं आणि काय वावरतं याची यादी हवी. त्यासाठी वनस्पतिशास्त्र शिकवून लवकर निवृत्त झालेली, रिकामी आणि स्वस्तातली अशी मी सापडले.

फाटकाजवळची खोली झकास आहे. खाट, टेबल, किटली, मोठी खिडकी. लेकीला फोन केला. ती अजून घुश्शात. तिचे बाबा जाऊन चार महिने झाले आणि मी एकदाही रडले नाही. आई, तू दगड झालीस, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, सोळाला घरी येते, मग दोघी बसून यथासांग रडू. हसली. चला, निम्मं काम झालं.

मंगळवार, ४
थडग्यांवर सात प्रकारचं दगडफूल, भेगांत नेचे, सावलीच्या बाजूला शेवाळाची गादी. भिंग डोळ्याला लावलं की श्वासानं काच धुरकटते. दर दोन मिनिटांनी रुमाल काढा.

दुपारी दचक-अंतरं मोजली. आपण चालत जायचं आणि पाखरू किती पावलांवर उडतं ते टिपायचं. पुस्तकात याला भारदस्त नाव आहे, पण मी वर्गात हेच वापरायची. साळुंक्या अठरा पावलं, चिमण्या बारा, खार दहा. माझ्या येण्यानं कुणीतरी दचकतंय, हे बघून बरं वाटलं. घरात आणि कॉलेजात ते भाग्य नव्हतं.

राखणदाराशी ओळख झाली. तोंडानं फटकळ, चहा उत्तम. मला बाई म्हणतो. म्हणाला, तीस वर्षं गवत कापतोय बाई, पण एक चिमणी ओळख देईल तर शपथ. सासरची माणसं बरी.

गुरुवार, ६
झाडीमागे जमीन खचून लांबट खळगा झालाय. त्यातलं शेवाळ मखमली. जमिनीच्या पातळीवरून बघावं म्हणून आत आडवी झाले आणि चक्क डोळा लागला. खळगा अगदी माझ्या मापाचा. उठले तर पाठदुखी गायब.

राखणदार मात्र भडकला. खचलेल्या जागेत आडवं व्हायचं नसतं, एवढं कळत नाही का, शिकलेल्या ना तुम्ही, वगैरे. मी म्हटलं, फुकटचा पलंग आहे, वापरला. तो हसला नाही.

शनिवार, ८
साळुंक्या नऊ पावलं, चिमण्या पाच. चार दिवसांत सरावल्या. खूश होऊन राखणदाराला सांगितलं, तुमच्या तीस वर्षांत जमलं नाही ते बघा. तो कोयता ठेवून चिमण्यांकडे चालत गेला. बारा पावलांवर असतानाच भुर्र. परत आला. म्हणाला, बाई, यादी झाली असेल तर घरी जा.

खळग्याजवळ खाजकुयली आहे. हाताला लागली, पण खाज आली नाही. जुनी झाली असावी.

सोमवार, १०
चिमण्या दोन पावलं. खार बुटावरून गेली. संध्याकाळी बाकावर बसलो तर राखणदार डास मारून हैराण. माझ्यावर एकही नाही. मी म्हटलं, वयाचा मान. त्यानं माझं मनगट धरलं आणि पटकन सोडलं.

भिंग आज एकदाही धुरकटलं नाही. काम झपाट्यानं उरकलं.

मंगळवार, ११
चहा गरम आहे की गार ते कळलं नाही. राखणदार म्हणतो ओठ भाजले, असतील. हे गेल्यापासून माझं असंच चाललंय, त्यामुळे यात नवीन काय आणि जुनं काय, ते वेगळं काढता येईना.

घड्याळाच्या पट्ट्याखाली हिरवं दिसलं. घासून काढलं. दुपारी पुन्हा.

बुधवार, १२
लेकीचा फोन आला. उचलता आला नाही. काचेवर बोट ओढलं, दहाही बोटं ओढून झाली. फोनला मी कळेना. तो वाजून थांबला, पुन्हा वाजला. अकरा वेळा. राखणदाराच्या हातात दिला तेव्हा त्याच्या एका बोटानं लगेच चालू झाला. तो तिला म्हणाला, आईला न्यायला या, आजच निघा. मी मध्ये बोलले. तिकडून ती विचारत राहिली, आई कुठाय, बोलत का नाही.

मी बोलले होते.

गुरुवार, १३
बॅग भरली. फाटकापर्यंत गेले. बाहेर रस्त्यावर कबुतरं होती. त्यांच्यामधून चालले. एकही बाजूला झालं नाही.

परत आले. का, ते आठवत नाही. पाय खळग्याकडेच —

राखणदारानं चहाचा एकच कप मांडला. मी समोर होते.

शुक्रवार, १४
खळग्यात बसलेय. घाबरायला हवं, हे कळतं. नुसतं कळतं.

पापणीवर गोगलगाय. यादीत घातली.

दोन दिवसांचा रस्ता, लेक आज पोचेल. तिला बघायचंय. तेवढं — तेवढं एक अजून दुखतं. तेच धरून ठेवलंय.

दुपार
चिमण्या अंगाखांद्यावर. सहा. पेन्सिल बोटात अडकवून —

फाटक वाजलं. तीच. राखणदार मागे. ती हाका मारतेय, आई, अगं आई. खोलीत बघून बाहेर आली. इकडेच —

वीस पावलं. चेहरा सुजलेला. रात्रभर रडलीय. इथून दिसतेय मी, दिसायलाच हवी. मधे काहीच नाही.

अठरा. साळुंकी उडाली.

पंधरा. माझ्याकडे बघतेय. म्हणजे खळग्याकडे. शेवाळाकडे.

बारा. चिमण्या उडाल्या, सगळ्या, माझ्या अंगावरून, तिला दचकून. ती थांबली. वर, पाखरांकडे —

बाळा, खाली बघ. खाली. हात वर करते, थांब, वळू नको, हात वर —