ऑइलच्या नटावरचा चिखल

३ नोव्हें., सोम.
आसेगावला जाताना गाडीचा आवाज घोगरा. जनावरांच्या दवाखान्यापुढं लावली, बॉनेट उघडून ऑइलची पट्टी ओढली. पुसून परत घातली, परत ओढली. ऑइल काळंकुट्ट, खालच्या खुणेच्याही खाली. भाऊबीज झाल्यावर तर गजूनं सर्व्हिसिंग केलं. ऑइल नवं, फिल्टर नवा, असं त्याच्याच तोंडानं सांगितलं. पैसे पूर्ण घेतले. सख्खा दीर. दिवसभर लाळ-खुरकूतच्या लसी टोचल्या, डोकं त्या पट्टीवरच.

४ नोव्हें.
नाक्यावर गजूच्या गॅरेजला गेले.
"वयनी, डिझल गाडी हाये. ऑइल दोन दिवसांत कायं पडते."
बरोबर आहे. डिझेलचं ऑइल लगेच काळं पडतं, ते मलाही माहीत. म्हटलं, "कायं पडलं ते ठीक. कमी काहून झालं?"
"गाडी पेली असंन."
बाकावरचे दोघं हसले. मग गजूलाही जोर आला. "आमच्या डॉक्टरीनबाई हायेत. ढोरं तपासता तपासता आता गाड्याबी तपासून राह्यल्या."
धूर नाही, खाली थेंब नाही, मग पिऊन गेली कुठं? हे घरी आल्यावर सुचलं. त्याचाच जास्त संताप.

५ नोव्हें.
विलासला सांगितलं. पेपरातून मान वर न करता, "घरचा मानूस हाये. जाऊ दे ना."
घरचा, म्हणून जाऊ द्यायचं. बाहेरचा असता तर हाच नवरा भांडायला गेला असता.
म्हटलं, यापुढं ऑइल मीच बदलीन.
"तू? गाडीखाली?" आता मान वर.

७ नोव्हें.
कामानिमित्त वाशिमला. ऑइल, फिल्टर, नटाखालची वायसर घेतली. दुकानदार म्हणे, मॅकेनिक कोण. मीच. तो तरी माझ्या मागंच पाहत राहिला, माणूस कुठं आहे म्हणून.

९ नोव्हें., रवि.
झालं. एकटीनं.
घरापुढची नाली कोरडी आहे. गाडी तिच्यावर आडवी घेतली, पुढची चाकं पलीकडं, मागची अलीकडं. चाकांना दगड लावले, जुनं पोतं टाकून खाली सरकले. पान्यांचा डबा शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यांचा.
आणि समोर ऑइलचा नट. त्यावर पावसाळ्यातला काळ्या मातीचा चिखल, वाळून दगड झालेला. पाना बसेना. खिळ्यानं उकरून काढावा लागला. फिल्टरवरही तेच थर. खाली गंज.
म्हणजे हात लावलाच नाही त्यानं. पाना तर सोड, फडकंही फिरवलं नाही. मी तशीच पडून राहिले. डोळ्यांत माती गेली का काय, कळेना.
नट सुटला तसं ऑइल कोपरापर्यंत आलं. काकवीसारखं. फिल्टर हलेना, विलासचा कमरेचा पट्टा गुंडाळून ओढला तेव्हा सुटला. नवं भरलं, गाडी सुरू केली, खाली पाहिलं. थेंब नाही. आवाज मऊ.
विलास दारातून, "लोक पाहून राह्यले. बाईमानसानं असं रस्त्यावर निजावं काय?"
गाईच्या आत कोपरापर्यंत हात घालून वासरू फिरवते, तेव्हा अख्खा गाव गोठ्यात उभा असतो. तेव्हा कुणाची इज्जत जात नाही.

१० नोव्हें.
जुना फिल्टर चिखलासकट विलासच्या पुढ्यात ठेवला. त्यानं तो उचलून फिरवून पाहिला. म्हणाला, "मले मालूम हाये त्याचं. माह्या दोस्ताच्या गाडीचंबी असंच केलतं."
माहीत होतं. माहीत असून गाडी त्याच्याकडंच पाठवायचा. मी त्या गाडीनं रोज आडरानातून एकटी जाते, हे माहीत असून.
जेवले नाही.

१३ नोव्हें., गुरु.
आसेगाव रस्त्यावर इंग्लिश शाळेची पिवळी व्हॅन पुढं होती. वळणावर बैलगाडी आली तर व्हॅन थांबता थांबेना, कडेच्या तुरीत शिरली. पोरं हसत होती, त्यांना गंमत. ड्रायव्हर शेषरावकाका खाली उतरले, तोंड पांढरं.
"ब्रेक, काका?"
"पैडल खाली जाते, बाई. गजूभाऊ म्हने, नवे लायनर टाकले. मले तं फरक नाई वाटत."
शाळेत सांगितलं का, विचारलं. "मी कोन सांगनारा. म्हनतीन, बुढ्याले गाडी चालवता येत नाई."
लसीचा डबा मांडीवर घेऊन रस्त्याच्या कडेला बसले थोडा वेळ. माझ्या गाडीचं ऑइल एक. हे...

१६ नोव्हें., रवि.
गजू घरी आला. बसलाही नाही.
"वयनी, घरच्याच बाईनं गॅरेजची बदनामी करावी काय? लोकं विचारून राह्यले, तुही भावजय गाडीखाली काहून निजते."
म्हटलं, ऑइल राहू दे. व्हॅनचे लायनर टाकले का?
त्यानं दाराकडं पाहिलं.
"टाकले का, गजू?"
"पार्ट भेटले नाई."
"मंग टाकले म्हून काहून सांगतलं?"
"टाकतो ना या दोन दिवसांत. तुमी काहून एवढं..." चप्पल घातली.
विलास आतल्या खोलीत. सगळं ऐकलं त्यानं. टीव्हीचा आवाज वाढवला.
दोन दिवस म्हणतोय. थांबते. थांबायला नको, पण थांबते.

१९ नोव्हें., बुध.
शेषरावकाकांना फोन केला. व्हॅन गॅरेजला गेलीच नाही. हळू चालवतो म्हणाले.
विलासला म्हटलं, उद्या शाळेत जाऊन सांगते. "त्याचं गॅरेज बसन. आई आयुष्यभर तोंड पाहनार नाई तुहं." व्हॅनमधली पोरं कुणाची आहेत, त्यांच्या आया काय म्हणतील, याच्यावर एक शब्द नाही. या घरात सगळ्यांची काळजी क्रमानं होते, अन् आपल्या माणसापाशीच संपते.
संध्याकाळी संगीताचा फोन. गजूची बायको. मला वाटलं, भांडायला केला.
हळू आवाजात बोलली. "ताई, तुमी सांगा शाळेत. मायं नाव नका घेऊ."
म्हटलं, तुला माहीत आहे?
"पंधरा दिवस झाले, परीले म्या व्हॅननं पाठवनं बंद केलं. हेच म्हने, तिले तू स्कूटीनं सोडत जाय."
हेच म्हणे. गजू म्हणे. स्वतःची पोरगी काढून घेतली अन् बाकीची पोरं बसू दिली.
संगीताला काय बोलले आठवत नाही. तीही पंधरा दिवस गप्पच होती की. तिचा राग करावा की कीव, ठरेना.

२० नोव्हें., गुरु.
शाळेच्या फाटकासमोर गाडी लावलीय, स्टिअरिंगवर वही ठेवून लिहितेय. प्रिन्सिपॉल मॅडम आत्ताच आत गेल्या. शिपाई म्हणाला, बोलावतो. घरून निघण्याआधी शेषरावकाकांना फोनवर सांगितलं होतं, आज व्हॅन काढू नका. हो म्हणाले. शाळावाले ऐकतील का, ते सांगितलं नाही.
विलास शेजारी बसलाय. सकाळी मी गाडी सुरू केली तर दार उघडून बसला. येतो म्हणाला नाही, जाऊ नको म्हणाला नाही. पूर्ण रस्ता बाहेर पाहत होता. मला अडवायला आला की सोबतीला, विचारलं नाही. विचारणारही नाही.
शिपाई हात करतोय. विलासनं त्याच्या बाजूचं दार उघडलं.