नाताळच्या डब्यातल्या गोळ्या

सोल्व्हेग,

नाताळच्या बिस्किटांच्या डब्यात तू पोटातल्या मुरड्यावरच्या तुझ्या उरलेल्या गोळ्या घालून पाठवल्यास, तेव्हाच माझं डोकं फिरलं. इथे मिनेसोटात दारातला बर्फ उपसून, आईचं पोट शेकून, तिला सूप भरवून मी तीन आठवडे राबत होते. तुझ्या दोन गोळ्यांत तिची कळ थांबली आणि ती मला म्हणाली, "बघ, ॲरिझोनात बसून पोरीला माझं पोट कळतं! तुला इथे राहून काय कळलं गं?"

मग तिच्या तोंडाला कोरड पडायला लागली, धूसर दिसायला लागलं. गुरुवारी मी, आईचे डोळ्यांचे थेंब जिथून आणते, त्या औषधांच्या दुकानात विचारलं. तिथली बाई ओरडलीच, "काचबिंदू आहे ना त्यांना? मग ही गोळी चालतच नाही! आणि दुसऱ्याच्या नावची गोळी देतं का कुणी? आजच बंद करा, डॉक्टरांना दाखवा."

खरं सांगू? मला आनंद झाला. तू चुकली होतीस.

पण घरी येऊन मी गप्प बसले. दर रविवारी आम्ही चर्चहून आलो की तुझा फोन येतो. तेव्हा आईच्या देखत तुझं नाक कापायचं होतं मला. तोवर ती कौतुकाने तुझ्या गोळ्या घेत राहिली आणि मी पाण्याचा पेला देत राहिले.

रविवारी फोनवर तुझी चूक तिच्यासमोर उघडी पाडली आणि मगच तिला डॉक्टरांकडे नेलं. आता ती चर्चमधल्या बायकांना सांगते, "मारितमुळे माझा डोळा वाचला."

एकच वाचला, सोल्व्हेग. दुसरा त्या तीन दिवसांत गेला. त्याचा दोष ती तुला देते, आणि मी देऊ देते.

तुझी धाकटी,
मारित