टेर्पस्ट्राबाईंची ब्युइक

६ मार्च २००५, रविवार
निश्चय. मेअखेरपर्यंत ती गाडी आमच्या खिडकीसमोरून जाणार म्हणजे जाणार. शेजारच्या टेर्पस्ट्राबाईंची ब्युइक रिव्हिएरा, १९७२ची, थेट अमेरिकेहून आणलेली. मागून होडीसारखी टोकदार, लांबी ट्रॅमएवढी आणि दारं फक्त दोन! एवढ्या लोखंडात दोन! नवरा गेल्यावरही बाईंनी चकचकीत ठेवलीय. बाई सत्तरीच्या, हातात काठी. गाडी दोन जागा अडवते, त्यातली एक माझी. बायको, योगिनीनं विचारलं, तुझी असं कुठे लिहिलंय? हॉलंडात, या झूटरमेरला आल्यापासून आमची कोर्सा तिथेच लावतोय. लिहायचंय काय त्यात?

९ मार्च
वायपरखाली चिठ्ठी ठेवली. स्वतः डचमध्ये लिहिली. सभ्य, पण जरब बसेल अशी.

१० मार्च
चिठ्ठी परत. बाई शाळेत शिकवायच्या म्हणे. लाल पेनानं चुका दुरुस्त केल्यात, खाली शेरा: प्रगती चांगली. सोबत ॲपल पाय. योगिनीला बजावलं, शत्रूच्या घरचं खायचं नाही.
(कडेचा तुकडा खाल्ला. फार गोड. खोटा गोडवा.)

२१ मार्च
खेमेंटेला, म्हणजे इथल्या म्युनिसिपालिटीला, फोन. बेवारस वाहन पडून आहे म्हणालो. नाव सांगितलं नाही. आता बघा.

२४ मार्च, सकाळी
खेमेंटेनं बाईंना विचारलं म्हणे, गाडी चालते ना? त्यावर बाईंना पटलं की गाडी रोज चालवायला हवी. आता रोज सातला इंजिन सुरू. घशात कफ अडकलेल्या म्हशीसारखा आवाज. कपाटातल्या वाट्या वाजतात. मुद्दाम करतात. मीनल पांघरुणातून म्हणाली, "मोय!" म्हणजे छान. आठ वर्षांची पोर, मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर देते, आणि तेही शत्रूच्या बाजूनं.

३० एप्रिल, क्वीन्स डे
फितुरी. आज सगळे रस्त्यावर जुनं सामान विकायला मांडतात. योगिनीनं ब्युइकच्या डिकीत बटाटेवड्यांचा स्टॉल लावला! पातेली, बशा आणि मीनल, सगळं त्या डिकीत मावलं. बाई काठी उंचावून गिऱ्हाइकं बोलावत होत्या. दुपारपर्यंत वडे खलास. मला एकही नाही. योगिनी म्हणाली, तू रागावून आत बसला होतास. रागावलो नव्हतो. बहिष्कार होता.

१२ मे
मास्टरस्ट्रोक. खेमेंटेला लेखी तक्रार, या वेळी सहीनिशी. मुद्दा गाडीचा नाही, बाईंचा. वय, काठी, दुखरा गुडघा. गाडीचं दार इतकं लांब की अडचणीत अर्धवटच उघडतं. उतरताना बाई धडपडतात, डोळ्यांनी पाहिलंय. अशा व्यक्तीला अशी गाडी अशी लावू देणं धोक्याचं, तातडीनं काहीतरी करा. योगिनीला वाचायला दिलं नाही. ती उगाच सौम्य करते.

२ जून
खेमेंटेचे साहेब टेप घेऊन आले. मापं घेतली. विचारलं, पत्र लिहिणारे शेजारी आपणच का? छाती पुढे काढून म्हणालो, मीच. त्यांनी माझा हात दाबला. म्हणाले, अशी माणसं कमी झालीत. खरंय. मग ब्युइकचं बॉनेट उघडून बराच वेळ आत डोकं घालून उभे होते. इंजिन नंबर टिपत असणार. जप्ती नक्की.

२२ जून
पांढरे पट्टे. निळी पाटी, त्यावर अपंगांच्या जागेची खूण, खाली ब्युइकचा नंबर. चौकट खास लांब आखलीय. माझी जागा तिच्यात गेली. दुसऱ्या कुणी गाडी लावली तर उचलून नेणार.
बाई रडत आल्या. जागा मागायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, माझं पत्र वाचून साहेबांनी सगळं करून दिलं म्हणाल्या. इथल्या रीतीनं गालांवर तीन मुके. समोरच्यांनीही हात मिळवला. योगिनी माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, अंबरीश, मला वाटलं होतं तू तक्रारच केली असशील.
मी म्हणालो, छे.

२६ जून, रविवार
कोर्सा दोन गल्ल्या पलीकडे.
आभार म्हणून बाई आम्हाला समुद्रावर घेऊन गेल्या. नाही म्हणणार होतो, तोवर योगिनी पुढे जाऊन बसलीसुद्धा. मागे दार नाही. बाईंच्या बाजूची सीट पाडून रांगत शिरावं लागतं. रांगलो. कमरेत उसण भरली. द हेगमध्ये ट्रॅमच्या स्टॉपवरची माणसं गाडी बघून हात हलवत होती. मी मान खाली घातली. मीनलनं माझा हात धरून वर केला.
मग मीच हलवत राहिलो.